२०२४ चे माझे आवडते रॉक आणि मेटल अल्बम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षाची यादी काढली की प्रश्न ठरलेले असतात. काही व्हॉट्सॲपवर येतात, काही नागपुरातल्या लक्ष्मीनगरच्या चहाच्या टपरीवर आणि सगळ्यात अवघड घरातून. ज्याने जसं विचारलं तसंच इथे ठेवलं आहे.

ताई, आधी यादी सांगून दे. बाकीचं मंग वाचतो.

घे. पहिला ओपेथचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'. दुसरा ब्लड इनकँटेशनचा 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर'. तिसरा जुडास प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड'. पुढच्या पाचांना मी क्रमांक देत नाही, कारण तो माझ्या मूडप्रमाणे बदलतो: द क्युअरचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड', शेलॅकचा 'टू ऑल ट्रेन्स', अल्सरेटचा 'कटिंग द थ्रोट ऑफ गॉड', नॉक्ड लूजचा 'यू वोन्ट गो बिफोर यू आर सपोज्ड टू' आणि आपल्या बंगळुरूच्या क्रिप्टॉसचा 'डेसिमेटर'.

आठच झाले. दहाचा आकडा भरावा म्हणून आणखी दोन घुसवणं मला पटत नाही.

निवडायचा काही नियम आहे का, की मनाला येईल ते?

मनाला येईल तेच, पण एक चाळणी आहे. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये एकही न सोडता ऐकता आला पाहिजे आणि संपल्यावर पुन्हा लावावासा वाटला पाहिजे. एक जबरदस्त गाणं आणि त्याच्या मागे नऊ भरतीची, असले अल्बम इथेच गळतात. २०२४ मध्ये गळाले त्यांत मोठमोठी नावं होती.

लांबीला माझी हरकत नाही. नॉक्ड लूज सत्तावीस मिनिटांत आटोपतात, ओपेथ पन्नास मिनिटं घेतात. दोघांनीही मिनिट वाया घालवलेलं नाही.

ओपेथच पहिला काऊन? मागचे चार अल्बम तर तुला झोप आणत होते.

मागच्या चारांचं मत कायम आहे. २००८ च्या 'वॉटरशेड'नंतर ओपेथचा गायक मिकाएल ऑकरफेल्डने स्टुडिओ अल्बमवर गुरगुरणं, म्हणजे डेथ मेटलवाल्यांचा तो घोगरा, खोल आवाज, सोडला आणि बँड सत्तरच्या दशकातल्या लांब, गुंतागुंतीच्या प्रोग्रेसिव्ह रॉककडे वळला. वादन उत्तम होतं, पण दात नव्हते. २२ नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या या अल्बमवर तो आवाज सोळा वर्षांनी परत आला. नुसता परत आला असता तर मी एवढी खूश झाले नसते. इथे त्याला काम दिलं आहे.

गोष्ट पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातली आहे. एक श्रीमंत, कर्मठ म्हातारा मरतो. त्याचं मृत्युपत्र ऐकायला तीन मुलं जमतात: जुळी भावंडं आणि पोलिओ झालेली एक मुलगी. जुळ्यांना भर बैठकीत कळतं की आपण याच्या रक्ताचे नाहीच. सगळी इस्टेट जाते त्या मुलीकडे, आणि ती घरातल्या मोलकरणीची. सातबाऱ्यावरून भावाभावांत जशी थंड, कागदोपत्री मारामारी चालते, तशीच ही आहे. कुणी हात उचलत नाही, फक्त वाचून दाखवतात. पहिल्या सात गाण्यांना नावंसुद्धा नाहीत, कागदावरच्या कलमांसारखे नुसते क्रमांक. आठव्याला तेवढं नाव आहे, 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड', आणि तिथे एक पत्र येऊन आधीचा सगळा निवाडा उलटवतं. पत्रात काय आहे ते मी सांगणार नाही.

आता त्या गुरगुरण्याचं. मला ते मेलेल्या बापाचं बोलणं वाटतं. माणूस मातीखाली गेला, पण घरातला त्याचा आवाज अजून सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला आहे. स्वच्छ आवाजातल्या ओळी त्याच्यासमोर एकदम उघड्या पडतात. मध्येच जेथ्रो टल या जुन्या रॉक बँडचा इयन अँडरसन येतो, मजकूर वाचतो आणि बासरीही वाजवतो. ड्रमवर वाल्टेरी वायरुनेन हा नवा गडी आहे, ओपेथसोबतचा त्याचा हा पहिलाच अल्बम. जुन्या ओपेथमध्ये जो जडपणा होता तो याने मोडला. जागा मिळेल तिथे तो बारीक काम करतो आणि तरी गाणं पुढेच ढकलत राहतो.

तक्रार एकच. गुणगुणावं असं ध्रुपद जवळपास कुठेच नाही. पहिल्यांदा ऐकून 'हे काय होतं?' असं वाटलं तर घाबरू नका.

सगळं जग ब्लड इनकँटेशनले पहिलं म्हणून राहिलं. तुमचंच वेगळं?

जगाचं चुकलेलं नाही. डेन्व्हरच्या या चौघांनी डेथ मेटलमध्ये, म्हणजे मेटलच्या सगळ्यात जड, गुरगुरणाऱ्या प्रकारांतल्या एकात, जे केलं ते धाडसाचं आहे. अल्बमवर दोनच रचना आहेत, 'द स्टारगेट' आणि 'द मेसेज'. दोन्ही वीस मिनिटांच्या वर, आणि प्रत्येकीचे तीन भाग. रेकॉर्डिंग बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत झालं. डेव्हिड बोवीने १९७७ मध्ये 'हीरोज' तिथेच केला होता. 'स्टारगेट'च्या दुसऱ्या भागात टँजरिन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा थॉर्स्टन क्वेशनिंग सिंथेसायझरवर आहे.

माझी अडचण तिथेच आहे. डेथ मेटल येतं, मग थांबतं, मग अंतराळातलं सिंथ येतं, मग पुन्हा डेथ मेटल. दोन्ही सुंदर आहेत, पण बऱ्याच वेळा ते शेजारी शेजारी बसतात, एकमेकांत विरघळत नाहीत. 'द मेसेज'मध्ये विरघळतात. तिथला पिंक फ्लॉइडच्या वळणाचा संथ भाग आणि त्यानंतरचा स्फोट, यासाठी मी पहिला क्रमांकही दिला असता. पण नियम सगळ्या अल्बमचा आहे.

जुडास प्रीस्टचा गायक रॉब हॅलफर्ड सत्तरीच्या वर गेला. आवाज कॉम्प्युटरने ओढला असंल ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याने या अल्बमवरचं 'पॅनिक ॲटॅक' पूर्ण ऐकलेलं नसतं.

'इन्व्हिन्सिबल शील्ड' ८ मार्च २०२४ ला आला तेव्हा हॅलफर्ड बहात्तर वर्षांचा होता. स्टुडिओत आवाज थोडाफार साफ सगळेच करतात. पण शब्द कसा चावायचा, ओळ कुठे सोडायची, हे कॉम्प्युटर शिकवत नाही. मला यातलं जास्त आवडलं ते त्याचं खालच्या पट्टीतलं गाणं. 'क्राउन ऑफ हॉर्न्स'मध्ये तो किंचाळायची संधी सोडून सरळ गातो, आणि गाणं त्यानेच मोठं होतं.

बाकीच्यांची हकीकतही विसरू नका. गिटारवादक ग्लेन टिप्टनला पार्किन्सन्स असल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं, तरी या अल्बमच्या गीतलेखनात तो आहे. दुसरा गिटारवादक रिची फॉकनरची महाधमनी सप्टेंबर २०२१ मध्ये भर कार्यक्रमात फाटली, आणि तरी त्याने हातातलं गाणं संपवलं. त्याच माणसाचं गिटार इथे सगळ्यात तेजीत आहे. बँडचा पहिला अल्बम 'रॉका रोला' १९७४ चा, म्हणजे बरोबर पन्नास वर्षं. या वयात बहुतेक बँड आपल्याच जुन्या गाण्यांची नक्कल करतात. प्रीस्टने नक्कल केली नाही असं नाही, पण ती अशा जोशात केली की मला कुरकुर करता आली नाही.

मग ब्रूस डिकिन्सन का नाही? तू तर त्याच्या आयर्न मेडनची भक्त.

भक्त आहे म्हणूनच. 'द मँड्रेक प्रोजेक्ट' १ मार्चला आला, २००५ नंतरचा त्याचा पहिला एकट्याचा अल्बम. 'रेन ऑन द ग्रेव्ह्ज' आणि शेवटचं दहा मिनिटांचं 'सोनाटा' ही दोन गाणी मी या वर्षातल्या चांगल्या गाण्यांत धरते. पण मधला भाग सैल आहे, आणि 'इटर्निटी हॅज फेल्ड' हे गाणं मेडनच्या २०१५ च्या अल्बमवर आपण वेगळ्या रूपात ऐकलेलंच आहे. चाळणीत अडकला.

द क्युअर हे मेटल आहे का?

नाही. म्हणून तर वर 'रॉक आणि मेटल' लिहिलं. १ नोव्हेंबरला आला, सोळा वर्षांनी, आणि आठ गाण्यांत मरणाशिवाय दुसरा विषय जवळजवळ नाही. 'अलोन'मध्ये गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडायला तीन मिनिटांहून जास्त वेळ घेतो. तोवर कीबोर्ड आणि ड्रम भिंती रचत राहतात. 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' त्याच्या वारलेल्या मोठ्या भावावर आहे. हे गाणं गाडी चालवताना लावू नका.

मेटलच्या ड्रममधल्या डबल बासच्या माऱ्यापेक्षा हा अल्बम मला जास्त जड वाटतो.

शेलॅक कोण? नाव नाही ऐकलं.

शिकागोचं त्रिकूट. गिटार आणि आवाज स्टीव्ह अल्बिनीचा. निर्व्हानाचा १९९३ चा 'इन युटेरो' ज्याने रेकॉर्ड केला तोच. त्या कामाची त्याने ठरलेली मजुरी घेतली. विक्रीवरची रॉयल्टी घेणं त्याला चुकीचं वाटायचं, त्यामुळे लाखो प्रती खपल्या तरी त्याला वर पैसा मिळाला नाही. प्लंबरसारखे पैसे घ्यावेत असं तो म्हणायचा. ७ मे २०२४ ला तो हृदयविकाराने गेला, वय ६१. 'टू ऑल ट्रेन्स' आधीच तयार होता आणि दहा दिवसांनी, १७ मे ला, ठरल्या तारखेला बाहेर आला.

अठ्ठावीस मिनिटं. गिटार पत्र्यासारखी वाजते, ड्रम खोलीत आपल्या समोर असल्यासारखे. शेवटच्या गाण्याचं नाव 'आय डोन्ट फियर हेल'. मरायच्या आधी केलेलं, मेल्यावर आपण ऐकलेलं. त्यावर मी काही लिहिणं आगाऊपणा होईल.

हे लोक ओरडतात ते शब्द तुला कळतात का? आणि घसा बसत नाही का त्यांचा? (विचारणारी: आई)

शब्द सगळे कळत नाहीत. समोर छापील गीत ठेवलं की कळतात. आई, तुला तरी भीमसेन जोशींच्या तानेतला प्रत्येक शब्द कुठे कळतो?

घशाचं उत्तर जरा मोठं. नीट शिकलेला गायक मूळ स्वरतंतूंवर सगळा जोर टाकत नाही. त्यांच्या वर आणखी दोन घड्या असतात. एरवी बोलताना त्या बाजूला असतात. गुरगुरताना त्या जवळ आणून हवेने थरथरवायच्या असतात. श्वास पोटातून, घसा मोकळा. न शिकता बाथरूममध्ये किंचाळलं तर मात्र दुसऱ्या दिवशी आवाज बसतो. भाचरं हा प्रयोग करून राहिली आहेत, त्यांना कोमट पाणी दे.

फ्रान्सचे मेटलवाले गोजिरा यादीत नाही? ऑलिम्पिकमध्ये वाजवून आले ना भाऊ!

आले, आणि काय आले! २६ जुलैला पॅरिसच्या उद्घाटन सोहळ्यात, आपल्याकडे रात्र होती, सेन नदीकाठच्या कॉन्सिएर्झरीच्या खिडक्यांत उभे राहून त्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीतलं गाणं वाजवलं. सोबत ऑपेरा गायिका मरिना व्हिओती आणि स्वतःचं कापलेलं डोकं हातात धरलेली राणी मारी आंत्वानेत. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये याच सादरीकरणाला ग्रॅमी मिळालं. ज्या घरांत मेटल लावलं की दार बंद करायला सांगतात, त्या घरांतही ते सगळ्यांनी मिळून पाहिलं.

पण तो अल्बम नव्हता. तोवरचा त्यांचा शेवटचा अल्बम 'फॉर्टिट्यूड', २०२१ चा.

लिंकिन पार्कबद्दल खरं मत सांग. चिडणार नाही.

चिडशील. 'फ्रॉम झीरो' १५ नोव्हेंबरला आला. नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँगचा आवाज कसलेला आहे. आधीचा, वारलेला गायक चेस्टर बेनिंग्टनची जागा भरायला ती आली असं धरून ऐकणं तिच्यावर अन्याय आहे. 'हेवी इज द क्राउन'मधली ती लांबलचक किंकाळी ऐका. माझी कुरकुर तिच्याबद्दल नाहीच. गाणी अतिसुरक्षित आहेत, प्रत्येक गाणं २००० किंवा २००३ मधल्या एखाद्या गाण्याच्या जागेवर नेमकं बसवल्यासारखं. शाळेत असताना जे लिंकिन पार्कवर वाढले त्यांना यात खूप काही मिळेल, आणि ते मी नाकारत नाही.

केरी किंग, डीप पर्पल, पर्ल जॅम, डेव्हिड गिलमोर यांचे अल्बम?

केरी किंग: त्याच्या जुन्या बँडची, स्लेयरची, उरलेली भाजी, पण गरम आहे. डीप पर्पल: नवा गिटारवादक सायमन मॅकब्राइडने म्हाताऱ्यांना पळवलं, तीन-चार गाणी झकास. पर्ल जॅम: पहिला अर्धा जोरात, नंतर मी फोन पाहू लागते. गिलमोर: शीर्षकगीतात पिंक फ्लॉइडमधल्या त्याच्या जोडीदाराचे, रिचर्ड राइटचे, २००७ मध्ये वाजवून ठेवलेले कीबोर्ड आहेत, आणि राइट २००८ मध्ये गेला. तेवढ्यासाठी ऐका. शिवाय मुलगी रोमनी एक गाणं गाते आणि बापापेक्षा जास्त लक्षात राहते.

आपल्या देशातलं काही आहे का, की सगळं गोऱ्यांचंच?

क्रिप्टॉस आहे ना वर. १९९८ पासून चाललेला बंगळुरूचा बँड. 'डेसिमेटर'मध्ये नवीन काही शोधायला जाऊ नका. दोन गिटारांची ऐंशीच्या दशकातली जुगलबंदी, वर खरखरीत आवाज, आणि प्रत्येक रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, असा की लाल सिग्नलवर पाय आपोआप हलतो. दया म्हणून घेतलेला नाही. परदेशी नाव लावून दिला असता तरी घेतला असता.

दिल्लीच्या ब्लडीवुडबद्दल विचारतात. त्यांचा 'नू दिल्ली' २१ मार्च २०२५ ला आला, म्हणजे त्याचा हिशेब २०२५ च्या यादीत.

मी यातलं काहीच ऐकलं नाही. सुरुवात कुठून करू?

जुडास प्रीस्ट. चाल कळते, शब्द कळतात, गिटार कळते. ते पचलं की क्रिप्टॉस. आवाज चढा असेल तरी चालेल असं वाटलं की ओपेथ, हातात गीतं घेऊन. अल्सरेट शेवटी. न्यूझीलंडचे तिघं आहेत, आणि तिघं मिळून इतकं दाट वाजवतात की पहिल्या वेळी नुसतं वादळ वाटतं. त्यात सूर लपलेले आहेत. ते ऐकू यायला लागले की दुसरं काही लावावंसं वाटत नाही.

नॉक्ड लूजने कुणीही सुरुवात करू नये. गाडीला पहिला गिअर असतो तो कशासाठी?

ऐकायचं कशावर? महागडे हेडफोन लागतात का?

महागड्यांपेक्षा दोन सेटिंग महत्त्वाच्या. ॲपमध्ये शफल बंद करा आणि क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरताना दुसरं त्यात मिसळायची सोय, शून्यावर आणा. ब्लड इनकँटेशनचे तीन भाग एकमेकांना जोडलेले आहेत. मध्ये आवाज विरला किंवा ॲपने भलतंच गाणं घुसवलं तर रचनेचा कणाच मोडतो. फुकटच्या ॲपवर मध्ये जाहिरात येते. 'द मेसेज'च्या मधोमध गुटख्याची नाहीतर गृहकर्जाची जाहिरात ऐकायची असेल तर तुमची मर्जी. जमलं तर बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर विकत घ्या. तिथे ठरावीक शुक्रवारी कंपनी आपला वाटा सोडते आणि बँडला जास्त मिळतं.

नागपूरकरांसाठी वेगळी सूचना. एप्रिल-मेमध्ये कूलरच्या खोलीत क्युअर आणि ओपेथ लावू नका. कूलरची घरघर हळू भाग खाऊन टाकते, मग तुम्ही आवाज वाढवता आणि मोठा भाग आला की कानठळ्या. उन्हाळ्यात पहाटे अंबाझरीला फेरी मारताना ऐका. नाहीतर मेट्रोच्या ॲक्वा लाइनवर, लोकमान्य नगरहून बसा, दुपारी डबे बऱ्यापैकी रिकामे असतात. कूलरसमोर फक्त नॉक्ड लूज टिकतो.

इतक्या मोठ्यानं ऐकून बहिरी होशील. (पुन्हा आई)

यात आईचं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, पण ९० डेसिबल झाले की फक्त चार तास. दहा डेसिबलने किती फरक पडतो बघा. फोनमध्ये आवाजाची मर्यादा लावता येते, ती लावा. कार्यक्रमाला जाताना इअरप्लग खिशात ठेवा. ड्रमवाले स्वतः घालतात.

शेजाऱ्यांना मात्र सांगते: तान्ह्या पोळ्याला काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा इतवारी आणि महालात जो ढोल वाजतो तो तुम्ही हौसेने ऐकता, त्यामुळे माझ्या खिडकीतून येणाऱ्या प्रीस्टवर बोलायचा हक्क थोडा कमी होतो.

नागपुरात हे लाइव्ह कधी पाहायला भेटंल?

यादीतलं? वाट पाहू नका. आपल्याकडे कॉलेजच्या फेस्टमधले पोट्टे आहेत, त्यांच्यात दम आहे, ते मेटॅलिकाची जुनी गाणी वाजवतात आणि मैदानातली अर्धी गर्दी हिंदी गाण्याची फर्माईश करते. मोठ्या बँडसाठी गाव सोडावं लागतं. मेडन २००७ मध्ये बंगळुरूला आले, मेटॅलिका २०११ मध्ये तिथेच. ओपेथ २०१९ च्या एनएच-७ वीकेंडर या संगीत महोत्सवात पुण्यात वाजवून गेले. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून चार जण मिळून गाडी काढतात. ७०१ किलोमीटर, आणि त्यात हे आठही अल्बम बसतात. पण रस्ता सरळसोट आहे, चालवणाऱ्याला डुलकी येते. क्युअर लावणाऱ्याला मागच्या सीटवर बसवा. मी अजूनही विदर्भ एक्सप्रेसनेच जाते. रात्री बर्थवर आडवं होऊन ओपेथ दोनदा होतो आणि सकाळी मुंबई येते.

यादी बदलशील का?

अल्सरेट वर सरकतो आहे. ओपेथला अजून धोका नाही, पण विचारत राहा.